शरदातला माल आणि रेस्टॉरंटचं किचन: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

हंगामी मेन्यू करायचा म्हटलं की नवखा शेफ आधी वही उघडतो आणि पदार्थांची नावं लिहायला बसतो. भोपळ्याचं सूप, मश्रूम रिसोट्टो, सफरचंदाचा टार्ट. नावं ठरली की मग त्यांच्यासाठी माल मागवायचा. हा क्रम उलटा आहे आणि शरदात तो फारच अंगाशी येतो. उन्हाळ्यातला माल खराब व्हायला लागला की लगेच दिसतो. टोमॅटो मऊ पडतो, पालेभाजी माना टाकते. शरदातला भोपळा, बीट, सफरचंद, सेलरिॲक (सेलरीच्या जातीचा गोल कंद) मात्र वरून दणकट असतात. आठवडेच्या आठवडे तसेच दिसतात आणि आतून रोज बदलत असतात. स्टार्चची साखर होते, पाणी उडतं, आंबटपणा उतरतो. पहिल्या आठवड्यात उत्तम जमलेली पाककृती सहाव्या आठवड्यात त्याच मापाने, तेवढाच वेळ देऊन केली तरी वेगळी लागते.

म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम असा आहे: आधी माल, मग चव, मग विस्तव. मेन्यूवरची ओळ सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: मोसमाचे तुकडे करा

शरद म्हणजे उत्तर गोलार्धात साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, दक्षिण गोलार्धात मार्च ते मे. हे तीन महिने एकाच मेन्यूवर काढता येत नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे उन्हाळा अजून रेंगाळत असतो: मक्याची शेवटची कणसं, अंजीर, द्राक्षं, प्लम, लवकर येणारी सफरचंदं. मधल्या काळात भोपळे, पेअर, चेस्टनट, अक्रोड आणि रानातले मश्रूम भरात येतात. शेवटी, थंडी चांगली पडल्यावर, पाळी येते ती पार्सनिप (पांढरट गाजरासारखं मूळ), सेलरिॲक, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), ब्रसेल्स स्प्राउट्स (इवलाले कोबी) आणि क्विन्स या टणक फळाची.

या शेवटच्या गटाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पार्सनिप आणि केल कडक थंडीनंतर जास्त गोड होतात. पेशींमधलं पाणी गोठू नये म्हणून झाड साठवलेल्या स्टार्चची साखर करतं, आणि साखर विरघळली की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. त्यामुळे मोसम लागला म्हणून पहिल्याच आठवड्यात पार्सनिप ताटात आणायची घाई करू नका. काही आठवडे थांबलात तर तीच भाजी जास्त चवीची मिळेल, आणि त्यासाठी तुम्हाला वेगळं काही करावंही लागणार नाही.

मोठी रेस्टॉरंटंसुद्धा असाच विचार करतात. कोपनहेगनच्या नोमाने २०१८मध्ये नव्या जागेत सुरुवात केली तेव्हा वर्षाचे तीन भाग पाडले होते: एक समुद्राचा, एक भाज्यांचा, आणि शरदात शिकारीचा नि जंगलाचा. आपल्याला एवढं टोक गाठायची गरज नाही. किचनच्या भिंतीवर एक कागद लावा आणि त्यावर तीन रकाने आखा: ‘येतंय’, ‘भरात आहे’, ‘चाललंय’. आठवड्यातून एकदा सप्लायरशी बोलून तो भरा. नवखे लोक ‘येतंय’कडे डोळे लावून बसतात. माझ्या मते सगळ्यात कामाचा रकाना तिसरा. अंजीर संपत आले हे दहा दिवस आधी कळलं तर पदार्थ शांतपणे बदलता येतो. सर्व्हिसच्या दिवशी कळलं तर धावाधाव होते आणि ताटात काहीतरी ठिगळ लागतं.

दुसरी पायरी: माल दारातच तपासा

डिलिव्हरी आली की सही करून पेट्या आत ढकलणं सोपं असतं. तसं करू नका. पेटी उघडा, वरचा थर बाजूला करा आणि खालून एक नग उचला.

भोपळा (बटरनट, कबोचा, कुठलाही टणक सालीचा) हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. हलका निघाला तर आत पाणी उडून गर तंतुमय झालेला असतो. देठ सुकलेला आणि बुचासारखा हवा. देठ तुटून गेलेला असेल तर बहुतेक वेळा तिथूनच कुज शिरते. सालीवर नख दाबून पाहा. नख सहज रुतलं तर तो कोवळा काढलेला आहे आणि कितीही भाजला तरी त्याला गोडी येणार नाही.

सेलरिॲक आणि बीटही वजनावरच पारखायचं. फार मोठा सेलरिॲक मधोमध भुसभुशीत किंवा पोकळ असू शकतो, म्हणून मध्यम आकार बरा. बीट आणि गाजर पाल्यासकट आले तर पाला ताजा आहे का पाहा, आणि पाहून झाल्यावर तो लगेच कापून टाका, कारण तो कंदातलं पाणी ओढत राहतो. बिटाचा पाला फेकू नका, भाजी म्हणून तो उत्तम लागतो.

पेअरची गंमत वेगळी आहे. युरोपीय जातीची बहुतेक पेअर झाडावर पिकू दिली तर आतून रवाळ होतात, म्हणून ती कच्चीच काढतात आणि नंतर पिकवतात. शिवाय ती आतून बाहेर पिकतात. पोटाला हात लावून ती मऊ लागेपर्यंत गाभा गेलेला असतो. अंगठ्याने देठाजवळची मान हलकेच दाबायची. तिथे किंचित दबली की पेअर तयार आहे असं समजा. पोच करायची, म्हणजे पाकात मंद शिजवायची असतील तर त्याआधी एक-दोन दिवस, थोडी टणक असतानाच घ्या.

चेस्टनट पाण्यात टाका. तरंगणारे बहुधा किडके किंवा सुकलेले असतात, ते वेगळे काढून फोडून पाहा. यात जवळजवळ निम्मं पाणी असतं, त्यामुळे अक्रोडासारखे बरणीत ठेवून चालत नाही. फ्रिजमध्ये ठेवा, लवकर वापरा.

आणि रानातले मश्रूम. इथे मी अजिबात सूट देणार नाही. ज्याचं ज्ञान आणि परवाना तपासलेला आहे अशाच सप्लायरकडून घ्या, बिलावर जातीचं नाव लिहून घ्या, आणि कुणी ओळखीचा माणूस टोपलीभर मश्रूम घेऊन मागच्या दाराशी आला तर त्याला नम्रपणे परत पाठवा. डेथ कॅप नावाचा विषारी मश्रूम मुख्यतः शरदात उगवतो, काही खाण्याजोग्या जातींसारखाच दिसतो, आणि त्यातलं विष शिजवून, वाळवून किंवा गोठवूनही नष्ट होत नाही. त्रास सुरू व्हायला कित्येक तास लागतात, तोपर्यंत यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं. खात्रीच्या जातींचे रानमश्रूमसुद्धा कच्चे वाढू नका; त्यातले बरेचसे कच्चे पचत नाहीत.

तिसरी पायरी: ज्याला त्याला त्याची जागा द्या

सगळं उचलून वॉक-इनमध्ये (खोलीएवढ्या फ्रिजमध्ये) भरायचं ही सवय शरदात सोडावी लागते. काही माल थंडीनेच बिघडतो.

अख्खा भोपळा १० ते १३ अंश सेल्सियसला, कोरड्या आणि हवेशीर जागी राहतो. त्याहून थंड जागेत काही आठवडे ठेवला तर सालीवर खोलगट डाग पडतात आणि तिथून कुजतो. कापल्यावर मात्र फ्रिजच. रताळ्याला १३ ते १५ अंश लागतात. फ्रिजमध्ये ठेवलेलं रताळं शिजवल्यावरही मधोमध टणक राहतं, कितीही वेळ दिला तरी. बटाटा फार थंड ठेवला तर त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तो आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळा पडतो. फ्राईज अचानक काळपट यायला लागल्या तर तेलाला दोष देण्याआधी बटाटे कुठे ठेवले होते ते विचारा.

गाजर, बीट, पार्सनिप, सेलरिॲक यांना याच्या उलट हवं: ० ते २ अंश आणि भरपूर ओलावा. ओलसर कापडाखाली किंवा झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे सुरकुतत नाहीत.

सफरचंदांनाही थंडी हवी, पण त्यांना वेगळी फळी द्या. सफरचंद आणि पेअर पिकताना इथिलीन वायू सोडतात. त्या वायूने शेजारचं गाजर कडू होतं आणि पालेभाज्या पिवळ्या पडतात. गाजराची प्युरे विनाकारण कडवट लागली तर मसाल्यात कारण शोधण्याआधी शेजारच्या पेट्या तपासा. हाच वायू कामालाही लावता येतो: कच्ची पेअर दोन सफरचंदांबरोबर कागदी पिशवीत बाहेर ठेवली की लवकर पिकतात.

मश्रूम प्लास्टिकमध्ये कोंडू नका. ट्रेवर कागद, त्यावर एकच थर, वर पुन्हा कागद.

प्रत्येक पेटीवर दोन गोष्टी लिहा: आली ती तारीख, आणि सप्लायरने सांगितली असेल तर काढणीची तारीख. आधी आलेलं आधी वापरायचं हा नियम तुम्हाला माहीत असेलच, पण या मोसमात काढणीची तारीख जास्त बोलते. कबोचासारखा भोपळा काढणीनंतर काही आठवडे ठेवला की गोड होतो. म्हणजे कधीकधी ताज्या पेटीला थांबवून जुनी आधी वापरणं हे चवीसाठीही बरोबर असतं.

चौथी पायरी: रोज एक तुकडा

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि तीच सगळ्यात आधी टाळली जाते. रोज प्रेप (सर्व्हिसआधीची तयारी) सुरू करताना प्रत्येक मुख्य भाजीचा साधारण २ सेंटिमीटरचा एक चौकोनी तुकडा कापा. त्यातला अर्धा कच्चा चाखा. उरलेला अर्धा थोड्या तेलात घोळवून, मीठ न घालता, ओव्हनमधल्या कुठल्याही ट्रेच्या कोपऱ्यात भाजून चाखा. मीठ घातलंत तर चव मिठाची कळेल, भाजीची नाही.

चाखताना तीन प्रश्न विचारा. गोडी कालच्यापेक्षा वाढली की उतरली? पाणी किती सुटलं? दाताखाली तंतू येतात का? उत्तरं वहीत एका ओळीत लिहा: ‘बटरनट, दुसरी पेटी, गोडी कमी, पाणी जास्त.’ एवढ्यावरून दिवसाचे निर्णय होतात. पाणी जास्त असेल तर सूपमध्ये स्टॉक कमी घालायचा, किंवा प्युरे पॅनमध्ये आणखी आटवायची. गोडी कमी असेल तर ताटातलं व्हिनेगर थोडं हात राखून घालायचं. तंतू असतील तर तो भोपळा प्युरेला द्यायचा, गाळणीतून काढायचा, आणि फोडी करायला दुसरी पेटी घ्यायची. पाककृतीच्या कागदावर ‘स्टॉक १ लिटर’ लिहिलेलं असतं, पण तो कागद ज्या दिवशी लिहिला त्या दिवशीच्या भोपळ्यासाठी लिहिलेला असतो.

याच वेळी यील्ड, म्हणजे मालातला वापरता येणारा भाग, काढायला शिका. १० किलो सेलरिॲक घेतला, साल-मुळं काढल्यावर ७ किलो उरला, तर यील्ड ७० टक्के. खरेदीचा दर ०.७ने भागा, म्हणजे वापरता येणाऱ्या किलोचा खरा खर्च कळतो. मश्रूमचं यील्ड दोनदा काढा, एकदा साफ केल्यावर आणि एकदा परतल्यावर. त्यात सुमारे ९० टक्के पाणी असतं, त्यामुळे पॅनभर मश्रूमचे मूठभर होतात, आणि कच्च्या वजनावर पोर्शन ठरवणाऱ्याचा हिशेब पहिल्याच आठवड्यात कोसळतो. छापील तक्त्यांवर विसंबू नका. तुमचा माल, तुमची सुरी आणि सोलणाऱ्याचा हात यावरच हा आकडा ठरतो.

पाचवी पायरी: विस्तव

भोपळा उकळू नका. आधीच पाणीदार असलेल्या भाजीला आणखी पाणी पाजून पुढे ते आटवत बसायचं, यात फक्त गॅस जातो. प्युरे किंवा सूप करायचं असेल तर भोपळा उभा चिरा, बिया काढा, कापलेल्या बाजूला तेल-मीठ लावा, ती बाजू ट्रेवर पालथी ठेवा आणि १९० ते २०० अंशांवर भाजा. वेळ घड्याळाने ठरवू नका. पाठीवर बोट दाबल्यावर खड्डा पडून तसाच राहिला पाहिजे आणि ट्रेला टेकलेली कड गडद तपकिरी झाली पाहिजे. ट्रेवर जो चिकट काळसर रस साचतो तो फेकू नका, दोन चमचे गरम पाण्याने सोडवून प्युरेत घाला. साली आणि बियांभोवतीचे तंतू स्टॉकमध्ये उकळले की सूपला आधार मिळतो. गर फारच ओला निघाला तर मलमलीत बांधून काही तास टांगून ठेवा. न्योकी (छोटे इटालियन उकडलेले गोळे) किंवा सारणासाठी तर हे करावंच लागतं. मिक्सरमध्ये गरम गर फिरवताना भांडं एक तृतीयांशच भरा, झाकणातून वाफेला वाट ठेवा आणि वर कापड धरा. गरम सूप उडून हात-तोंड भाजणं हा किचनमधला नेहमीचा अपघात आहे.

फोडी भाजायच्या असतील तर गोष्ट वेगळी. ओव्हन २२० अंशांवर, ट्रे आधीपासून आत तापत ठेवलेला, फोडी पुसून कोरड्या केलेल्या, आणि दोन फोडींमध्ये बोटभर जागा. गच्च भरलेल्या ट्रेमध्ये भाजी वाफेवर शिजते, तपकिरी होत नाही, कारण पाणी उडून पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास पोचल्याशिवाय तो खमंग रंग येतच नाही. घाईच्या वेळी दोन ट्रेंचा माल एकात कोंबायचा मोह होतो. तो टाळलात तर निम्मं काम झालं.

रताळ्याला मात्र घाई सोसत नाही. त्यातलं एक एन्झाइम साधारण ६० ते ७५ अंशांच्या पट्ट्यात स्टार्चपासून माल्टोज साखर बनवतं. आतला गर त्या पट्ट्यात जितका जास्त वेळ राहील तितकी गोडी वाढते. म्हणून अख्खं, सालीसकट, मंद ओव्हनमध्ये सुरू करा आणि शेवटी आच वाढवून रंग आणा.

मश्रूमबद्दल नव्या लोकांच्या मनात उगाच भीती असते की जास्त परतले तर बिघडतील. त्यांच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात आणि कायटिन उष्णतेने विरघळत नाही, त्यामुळे ते भाजीसारखे गळून लगदा होत नाहीत. खरं बिघडतं ते कमी परतल्यावर. रुंद पॅन घ्या, मश्रूम आणि थोडंसं पाणी एकत्र टाका, मोठ्या आचेवर ठेवा. पाणी सुटेल, उकळेल, आटेल. पॅन कोरडा पडून चुरचुर आवाज बदलला की मगच लोणी किंवा तेल घाला. आता मश्रूम आक्रसलेले असतात, चरबी कमी पितात आणि पटकन तपकिरी होतात. मीठ, लसूण, थाइम शेवटच्या मिनिटाला. धुवायचे की नाही हा वाद अनेक किचनमध्ये ऐकाल. माती असेल तर बिनधास्त झटपट धुवा आणि कापडावर सुकवा. ते पाणी फार थोडं पितात. दाताखाली वाळू येणं हे त्याहून कितीतरी वाईट.

बीट सालीसकट, शेपटी आणि देठाचा थोडा भाग ठेवून झाकलेल्या ट्रेमध्ये भाजा, रंग आत राहतो. गरम असतानाच कापडाने चोळून साल काढा. बिटाचा मातकट वास जिओस्मिन नावाच्या संयुगामुळे येतो आणि आंबटाने तो कमी होतो, म्हणून सोलल्या सोलल्या कोमट बिटावर व्हिनेगर घाला. थंड झाल्यावर घातलेलं तितकं मुरत नाही.

कोबी, केल, ब्रसेल्स स्प्राउट्स यांना एकतर फार थोडा वेळ द्या किंवा कडक भाजा. लांबवलेल्या उकळीत गंधकाची संयुगं सुटतात आणि सगळ्या डायनिंग रूमला वास लागतो. स्प्राउट्स अर्धे करा, कापलेली बाजू तापल्या पॅनवर ठेवा आणि ती गडद होईपर्यंत हलवू नका.

चेस्टनटच्या सालीवर फुलीचा काप द्या, नाहीतर आतल्या वाफेने ते ओव्हनमध्ये फुटतात. २०० अंशांवर २० ते ३० मिनिटं, आणि सोलायचे ते चटके बसत असतानाच. गार झाले की आतलं पापुद्र्यासारखं साल चिकटून बसतं. मग पुन्हा गरम करा.

क्विन्स कच्चं खाऊन पाहिलंत तर तोंड आवळून येईल. पातळ पाकात, मंद आचेवर तास-दोन तास ठेवलं की तेच फळ गुलाबी, पुढे विटकरी लाल होतं आणि गुलाबासारखा वास सुटतो. त्यात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे उरलेला पाक आटवला की आपोआप जेलीसारखा जमतो. चीजच्या ताटाबरोबर तोच वाढा.

सफरचंदाच्या बाबतीत जात विचारल्याशिवाय काहीच ठरवू नका. ब्रॅमली शिजली की फुलून लगदा होते, सॉससाठी अप्रतिम. टार्टवर चकत्या उभ्या राहायला हव्या असतील तर ग्रॅनी स्मिथसारखी टणक, आंबट जात घ्या.

सहावी पायरी: गोडाला लगाम

शरदातल्या ताटाचं दुखणं ठरलेलं आहे. भोपळा गोड, गाजर गोड, पार्सनिप गोड, चेस्टनट गोड. सगळं मऊ, सगळं तपकिरी-नारिंगी. त्यावर मॅपल सिरप किंवा मध ओतायची तर फॅशनच आहे. चार घास छान लागतात, पाचव्याला जीभ थकते. माझं ठाम मत आहे की या मोसमात शेफची खरी परीक्षा गोडवा आणण्यात नसते. तो माल घेऊनच येतो. त्याच्यासमोर आंबट, कडू आणि कुरकुरीत काय उभं करता, हे पाहायचं.

एक ताट जवळून पाहू. २२० अंशांवर भाजलेल्या भोपळ्याच्या फोडी, कडा काळपट. त्यावर पॅनमध्ये तांबूस केलेलं लोणी: लोण्यात ८० टक्क्यांच्या वर चरबी, उरलेल्यात पाणी आणि दुधाचे घन पदार्थ. पाणी उडून फेस बसला की ते घन कण तांबूस होतात आणि हेझलनटसारखा वास येतो. त्याच क्षणी सेजची पानं टाकायची, ती तडतडली की आच बंद, आणि लगेच एक चमचा शेरी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. त्या गार रसाने लोणी तिथेच थांबतं, पुढे जळत नाही. खाली रॅडिकियो या कडवट पालेभाजीची पानं, अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवून कडूपणा थोडा उतरवलेली आणि नीट सुकवलेली. वर १६० अंशांवर भाजलेले, जाडसर ठेचलेले हेझलनट. हवं तर खारट चीजचा किस. यात भोपळ्याला गोड करणारा एकही घटक नाही, तरी तो आधीपेक्षा गोड लागतो.

कच्चा घटकही विसरू नका. केसासारखा चिरलेला सेलरिॲक, पातळ चकत्यांचं सफरचंद, मोहरी घातलेलं ड्रेसिंग; अशी एक मूठ कुठल्याही जड ताटाला मोकळं करते. अक्रोड वापरण्याआधी चाखा. जुन्या अक्रोडाला ऑइलपेंटसारखा खवट वास येतो आणि एक खवट तुकडा सगळा घास नासवतो. सुकामेवा फ्रिजमध्ये ठेवा.

सातवी पायरी: आता मेन्यू लिहा

ओळ जितकी मोकळी, तितके तुम्ही सुरक्षित. ‘कबोचा, सेज, हेझलनट’ छापलंत आणि कबोचा आला नाही तर अडलात. ‘भाजलेला भोपळा, सेज, हेझलनट’ लिहिलंत तर त्या दिवशीची चांगली जात वापरता येते. जातीचं नाव वेटरला तोंडी सांगू द्या. त्याने ते आवडीने सांगितलं की गिऱ्हाईक ऐकतं. त्यासाठी सर्व्हिसआधी प्रत्येक वेटरला एक चमचा चाखायला द्या.

एकच भाजी तीन पदार्थांत दिसू देऊ नका, पण एका पेटीचे भाग मात्र वाटून घ्या: बटरनटच्या मानेच्या सुबक फोडी मुख्य ताटाला, पोटाकडचा भाग प्युरेला, बिया धुऊन भाजून सूपवर. नव्या किचनसाठी तीन-चार हंगामी पदार्थ पुरे. ते रोज नीट जमले की पाचवा वाढवा.

जेरुसलेम आर्टिचोक (आल्यासारखा दिसणारा कंद) ठेवणार असाल तर पोर्शन लहान ठेवा. त्यात इन्युलिन नावाचं कर्बोदक असतं, ते लहान आतड्यात पचत नाही, आणि पोटभर खाल्लेल्या माणसाची रात्र वाईट जाते.

ॲलर्जीची माहिती मेन्यूबरोबरच लिहून काढा. सुकामेवा सगळ्यांच्या लक्षात असतो, सेलरिॲक राहून जातो. सेलरी युरोपीय संघाच्या १४ ॲलर्जनांच्या यादीत आहे आणि सेलरिॲकही त्यातच धरतात. स्टॉकमध्ये, प्युरेमध्ये तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथे जास्त जपायचं.

आठवी पायरी: सर्व्हिस आणि थंड करणं

कंद आणि भोपळ्याच्या फोडी दुपारी बऱ्याचशा शिजवून, ट्रेवर पसरून लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवता येतात. ऑर्डर आल्यावर तापल्या पॅनमध्ये किंवा कडक ओव्हनमध्ये रंग आणायचा. पूर्ण शिजवून ठेवलेल्या फोडी दुसऱ्यांदा तापवताना मोडतात. प्युरेचं भांडं कडेला गरम पाण्यात, ६० अंशांच्या वर, झाकून ठेवा.

दाट सूप आणि प्युरे गार करणं हे या मोसमातलं धोक्याचं काम आहे, कारण मोठ्या पातेल्यात ती तासन्‌तास कोमट राहतात. सर्वसाधारण नियम असा: सुमारे ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत २ तासांत, आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या ४ तासांत. तुमच्या भागातला नियम याहून कडक असेल तर तोच पाळा. उथळ ट्रेमध्ये ओता, खाली बर्फ ठेवा, ढवळा, थर्मामीटरने बघा आणि वेळ लिहून ठेवा.

तेलात मंद शिजवलेला लसूण शरदातल्या बहुतेक किचनमध्ये असतो. तो स्टेशनवर (शेफच्या कामाच्या जागी) बाहेर ठेवू नका. मातीतून आलेल्या कंदांवर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, शिजवूनही ते टिकतात, आणि तेलाखाली हवा नसल्याने त्यांना वाढायला आयती जागा मिळते. वास किंवा रंग बदलेलच असं नाही. फ्रिजमध्ये ठेवा, तारीख घाला, ४ दिवसांच्या आत संपवा. फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेले बटाटेही तसेच गुंडाळलेले बाहेर सोडू नका.

पदार्थ कधी काढायचा

रोजच्या वहीत एखाद्या भाजीसमोर सलग तीन-चार दिवस ‘गोडी कमी’, ‘तंतू’, ‘पाणी’ असं यायला लागलं आणि प्रत्येक वेळी तुम्ही लोणी, साखर किंवा चीज वाढवून वेळ निभावत असाल, तर त्या पदार्थाचे दिवस भरले. नवी ऑर्डर थांबवा. उरलेल्या अंजिरांचा जॅम करा, पेअर व्हिनेगरमध्ये घाला, मश्रूमच्या चकत्या वाळवा, मऊ पडलेली सफरचंदं स्टाफच्या जेवणात जाऊ द्या. वेटरना सर्व्हिस सुरू व्हायच्या आधी सांगा, पहिलं टेबल बसल्यावर नाही. त्या पदार्थाच्या पानावर तारीख आणि शेवटच्या पेटीची जात लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी सप्लायरला फोन कधी करायचा ते कळेल.